मशीन माझी, कवळी मामाजींची

वस्तू निवडावी कशी, ते माझ्याकडून शिकावं! ही फुशारकी नव्हे, आमच्या कामठा गावात कोणालाही विचारा. बाकीचे लोक दुकानात जातात, बोट दाखवतात, पिशवीत घालून घरी येतात आणि मग पस्तावत बसतात. मी आधी घरीच पस्तावून घेतो आणि मग दुकानात जातो! टॉर्च असो, ताडपत्री असो की बायकोची चप्पल असो, चारही बाजूंनी पारखल्याशिवाय हा खुमेंद्र बिसेन खिशात हात घालत नाही. (चप्पल पारखून होईपर्यंत बायको अनवाणी फिरते, पण ते जाऊ द्या.)

मी गोंदियाला एका भात गिरणीच्या कचेरीत बसतो. संध्याकाळी घरी आलो की घरापुढच्या छपरीत बसून पितळेच्या, तांब्याच्या पत्र्यातून लहानसहान वस्तू घडवतो. किल्ल्या अडकवायला म्हणून मी एक सारस केला होता. आपल्या गोंदियाचा सारस! लांब मान, लांब पाय, ऐटबाज चोच! सगळं नुसत्या कानशीनं आणि आरीच्या पात्यानं. बोटांची सालं निघाली, पण सारस पुरा केला आणि बायकोच्या हातावर ठेवला.

रवितानं तो उलटासुलटा करून पाहिला. म्हणाली, "चांगली जमली जी किटली."

त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की माझ्या कलेत खोट नाही, खोट कानशीत आहे! मला पाहिजे होतं रोटरी टूल. ही एक मुठीत मावेल एवढी मशीन असते. तोंडात पाहिजे ते टोक बसवायचं. कापायला चकती, घासायला बारीक दगड, चमकवायला नमद्याची मऊ चकती. बटण सरकवलं की टोक गरगर फिरतं आणि आपण पेन धरल्यासारखं धरून धातूवर वाट्टेल ते कोरायचं.

झालं! घेऊन टाकायची! पण कोणती?

इथून माझ्या अभ्यासाला सुरुवात झाली. मोबाइलवर इतके व्हिडिओ पाहिले की झोपेतही माझ्या कानात घुंईंई वाजायचं. वायरवाली घ्यावी की बॅटरीवाली? वेग कमीजास्त होणारी की एकाच वेगाची? धरायला लांब नळी असलेली की सुटी? जेवताना मी घास हातात धरून विचार करायचो आणि रविता तो घास माझ्या तोंडात ढकलायची. कचेरीतला सेवकराम म्हणाला, "बाकी सोड, वजन पाहा. जड असली तं मनगट जाते."

हा मुद्दा मला पटला. मशीन घरात नव्हती, म्हणून बाजारातून बरोबर तेवढ्या वजनाची काकडी आणली. ती मुठीत धरली, समोर पितळेचा पत्रा ठेवला, आणि तोंडानं घुंईंई करत काकडी पत्र्यावर फिरवू लागलो.

दारात रविता उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे!

"काय करून राहिले जी?"

"मनगट तपासून राहिलो."

"काकडीनं?"

"हिचं वजन मशीनएवढंच आहे."

"मंग हेच वापरा कायम," ती म्हणाली. "पितळ घासून झालं का कोशिंबीरबी होईल."

गोंदियाच्या बाजारात भैय्यालालचं हत्यारांचं दुकान आहे. माणूस शांत. निदान मी भेटेपर्यंत होता. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यानं हसून मशीन पुढं ठेवली. मी म्हटलं, "आज लेने नहीं आया भैय्यालालजी, आज सिर्फ पूछने आया हूँ."

पुढच्या खेपेला तो म्हणाला, "आज तो लेके जाओगे ना?"

"आज तुलना करने आया हूँ."

त्यानंतर मी दिसलो की त्याच्या चेहऱ्यावर वीज बिल हातात पडल्यासारखी कळा यायची. एकदा तर ऐन दुपारी मी दोन्ही मशिनी दोन हातांत घेऊन उभा असताना तो उठला आणि म्हणाला, "भाईसाब, मैं खाना खाके आता हूँ. आप अंदर ही सोचो." असं म्हणून त्यानं बाहेरून शटर ओढलं!

अंधारात मी खूप विचार केला. बॅटरी ऐन वेळी संपते. वायरवालीला काय, घरात लाइन, म्हणजे वीज, असली की झालं! शिवाय तिचं बटण फार सोयीचं होतं. एकदा पुढं सरकवलं की बोट काढलं तरी मशीन चालूच राहते. वा! शटर वर गेलं तसा मी ओरडलो, "वायरवाली!" भैय्यालालनं तिथल्या तिथं देवाच्या फोटोला हात जोडले.

मशीन घरी आली. छपरीत बसून मी बटण सरकवलं. घुंईंईंई! शेजारच्या सुशिलाबाई अंगणात तांदूळ निवडत होत्या, त्यांनी सूप टाकलं आणि दोन्ही हातांनी गाल धरले.

"अवो बाई! हा तं दाताच्या डाक्टरचा आवाज होय!"

तेव्हा रविता फोनवर तिच्या आईशी, म्हणजे केशोरीच्या माझ्या सासूबाईंशी बोलत होती. सुमित्राबाई त्यांचं नाव. कानानं जरा कमी. मागून सुशिलाबाईंचा आरडाओरडा, त्यात माझी घुंईंई, आणि रविता घसा फोडून सांगते आहे, "काही नाई माय! यायनं मशीन घेतली! दाताच्या डाक्टरपाशी राहते नं, तशी!"

पलीकडे एवढंच पोहोचलं की जवाई दाताचे डॉक्टर झाले!

हे मला कळलं केशोरीला गेल्यावर. माझी धाकटी साळी सोनिका, तिला पाहून गेलेले दरेकशाचे लोक त्या दिवशी सोयरीक पक्की करायला येणार होते. मुलगा टिकेश, गोंदियाला कृषी केंद्र चालवतो. मुलीला मुलगा पसंत, मुलाला मुलगी पसंत. अडलं होतं एकाच गोष्टीवर. सोनिकाचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष राहिलं होतं आणि टिकेशचे काका दुर्गाप्रसाद म्हणत होते की लग्नानंतर शिक्षण कायले?

रविता माहेरी आधीच गेली होती. मी सकाळी पोहोचलो, अर्थात मशिनीची पेटी घेऊन. पाहुण्यांसमोर जावयाचा थोडा रुबाब दिसला पाहिजे ना! पाहतो तर काय, सासऱ्यांच्या छपरीत भिंतीला टेकून म्हाताऱ्यांची रांग बसलेली! प्रत्येकाच्या गालाला फडकं! मला पाहताच सगळे उठून उभे राहिले.

सासूबाई तांब्या घेऊन आल्या. "जवाईबापू, अगोदर चहा घेता का अगोदर पेशंट?"

"कोणते पेशंट?"

रांगेतला पहिला म्हातारा, दुधराम, तोंड उघडून माझ्या पुढ्यात आला. "उजवी दाढ होय जी डाक्टरसाहेब. घासाल तं घासा, पन काढू नोका."

"अहो, मी डॉक्टर नाही! ही पितळ घासायची मशीन आहे!"

"पितळ घासते," दुधराम रांगेकडे वळून म्हणाला, "तं दात काऊन नाई घासणार? दात तं पितळेहून नरम!"

रांगेनं माना हलवल्या. मी हातापाया पडून एकेकाला घरी पाठवत होतो, तेवढ्यात सोनिकानं मला बाजूला ओढलं. डोळे रडवेले.

"जिजाजी, बाबाले एकदा पक्कं सांगा. माह्या शिक्षणाचं आजच बोलायले पायजे. एकदा सुपारी फुटली का मंग कोन ऐकते?"

"तू काळजीच करू नकोस," मी म्हटलं. "मामाजी बोलायला लागले की समोरच्याचं काय चालतं!"

आणि ते खरंच होतं. माझे सासरे शालीकराम पटले बोलण्यासाठी तालुक्यात नावाजलेले. बारशाला बोलायला उभे राहिले तर त्यांचं भाषण संपेपर्यंत पोर रांगायला लागेल, असं लोक म्हणतात. दुर्गाप्रसाद काय, आणखी कोणी आला असता तरी मामाजींनी त्याला शब्दांच्या पुरात वाहवून नेलं असतं.

पण मामाजी आतून आले ते गाल धरून.

"जवाईबापू, बरं झालं आले. हे पाहा." त्यांनी तोंडातून कवळी काढून माझ्या हातावर ठेवली. वरच्या पुढच्या दातांची, दोन्ही बाजूंना बारीक तारा, बाजूच्या दातांना अडकवायला. "नवीन होय. डावी तार टोचून राहिली. बोलताच येत नाई. पाहुने पोहोचूनच राहिले. दाताले हात नोका लावू, तेवढी तार रगडून द्या."

दात असते तर मी साफ नाही म्हटलं असतं. पण तार! धातू! बारीक धातूकाम! माझ्या अभ्यासाचं यापेक्षा मोठं चीज काय होणार?

"एका मिनिटात देतो!" मी म्हटलं.

मागच्या सांदवाडीत, म्हणजे परसात, चुलीवर सासूबाईंचा पोह्यांचा मोठा गंज, म्हणजे पातेलं, चढला होता. तिथंच टेबल मांडलं, घरातून लांब वायर ओढली, मशिनीला बारीक दगडाचं टोक बसवलं. डाव्या हातात कवळी, उजव्या हातात मशीन. घुंईंई! तार अशी गुळगुळीत होत चालली की मलाच माझा हेवा वाटला. मामाजी कौतुकानं वाकून पाहत होते.

आणि लाइन गेली.

मशीन गप्प. मी ती टेबलावर ठेवली, शेजारी कवळी ठेवली आणि मामाजींना समजावू लागलो, "आता पाहा मामाजी, माणसं म्हणतात बॅटरीवाली घ्या. पण मी किती विचार केला! वायरवालीचा फायदा असा की..."

फायदा सांगायचा राहिला. बटण पुढंच सरकवलेलं होतं ना! लाइन आली!

मशीन झोपेतून उठलेल्या वळूसारखी उसळली. टेबलावर गिरकी घेतली, कवळीला धडक दिली. टण्ण! कवळी हवेत, कुठं गेली कोणालाच दिसलं नाही. चुलीमागं कोंबडी एकदा किंचाळली, पण कोंबडीचं ऐकायला कोण रिकामं होतं? मशिनीनं आता मामाजींच्या दुपट्ट्याचं टोक धरलं होतं आणि ती तो गुंडाळत गुंडाळत त्यांच्या गळ्याकडं निघाली होती!

"वाचवा!" मी ओरडलो. खरं तर हे मामाजींनी ओरडायला हवं होतं.

सासूबाईंनी हातातलं लाकूड टाकलं, वायर धरली आणि अशी ओढली की घरातला बोर्डच बाहेर आला. मशीन थांबली. दुपट्टा सोडवला. मामाजींनी दम घेतला आणि तोंड उघडलं.

"कोठी गेली माही बत्तिफी?"

आम्ही सगळे त्यांच्याकडं पाहतच राहिलो.

"मले काऊन पाहून राहिले? फोधा नं!"

पुढचे दात नाहीत म्हटल्यावर सगळा 'स' गेला! पोरीचं नाव घ्यायला गेले ते "फोनिका" झालं, सोयरिकीची "फोयरिक" झाली. मामाजींनी स्वतःचंच बोलणं ऐकलं आणि ओठ असे घट्ट मिटले की जणू डिंकानं चिकटवले.

"टण्ण वाजलं होतं," सासूबाई म्हणाल्या. "गंजाच्या काठाले लागलं असंन."

आम्ही गंजाकडं पाहिलं. झाकण उघडं. वाफाळलेले पोहे. सासूबाईंनी झारा घालून तळापासून ढवळून काढले. बटाटे निघाले, शेंगदाणे निघाले, दात निघेनात!

तेवढ्यात सोनिकाची मैत्रीण रेणू रिकामं ताट हलवत आली. "काकी, पाहुने आले. पयल्या प्लेटा नेऊन ठेवल्या समोर. अजून भरू का?"

"कधी नेल्या?"

"तुमी काकाजीचा दुपट्टा सोडवत होते नं, तवा."

म्हणजे मामाजींचे दात या घडीला पाहुण्यांच्या कोणत्यातरी प्लेटीत, पोह्यांखाली दडून बसले होते!

बैठकीत आलो. दुर्गाप्रसाद काका मिशीला पीळ देत मधोमध, शेजारी टिकेशची आई दुलारीबाई, पलीकडं टिकेश मान खाली घालून, आणखी दोनचार नातेवाईक. प्रत्येकापुढं पोह्याची प्लेट. यजमानानं "घ्या" म्हटल्याशिवाय खायचं नाही, म्हणून सगळे थांबलेले. दरेकशाहून एवढा लांबचा प्रवास, पोटात कावळे, नाकात कांद्याचा वास, आणि सगळ्यांचे डोळे मामाजींवर.

मामाजी बसले. हात जोडले. गप्प.

"नमस्कार जी, नमस्कार," दुर्गाप्रसाद म्हणाले. "कसं काय?"

मामाजींनी मान हलवली. गप्प. "घ्या" म्हणायला त्यांना येत नव्हतं अशातला भाग नाही, त्यात 'स' कुठं आहे? पण म्हणायचं कसं? दात शोधल्याशिवाय कोणाला खाऊ देणार?

दुर्गाप्रसाद चुळबुळले. ते तालुक्यातल्या सगळ्यात बडबड्या माणसाशी झुंजायला तयारी करून आले होते, आणि समोर तर दगडाचा देव! त्यांनी घसा साफ केला. "आता लग्नाचं म्हनाल तं, आमचं म्हननं होतं का दरेकशाले..."

मामाजींनी नुसतं पाहिलं.

"...पन केशोरीलेच करा. पोरीकडचा मान होय. नाई का वो वहिनी?"

मी तोवर चमचा घेऊन पाहुण्यांमधून फिरत होतो. एकाच्या प्लेटीत चमचा घातला, पोहे उलटे केले. "मीठ खाली बसतं कधीकधी," मी हसून सांगितलं. दुसऱ्याच्या प्लेटीत घातला. "लिंबू मुरलं का पाहतो." रविता दारातून मला डोळ्यांनी खुणावत होती, तिकडची राहिली, ती कडेची राहिली!

"जवाई काय धुंडून राहिले जी?" दुर्गाप्रसादांनी विचारलं.

"खडे!" माझ्या तोंडून निघून गेलं.

"पोह्यात खडे?"

"नाहीत! नाहीत, तेच पाहतो आहे!"

दुर्गाप्रसादांनी मामाजींकडं पाहिलं. मामाजींचा चेहरा लाल. मला ठाऊक होतं की तो हसू आणि रडू दोन्ही दाबून लाल झाला आहे. दुर्गाप्रसादांना वाटलं, माणूस नाराज आहे, म्हणून खायलासुद्धा म्हणत नाही!

"वराती आमी थोडेच आणू," ते घाईनं म्हणाले. "डीजे नाई! डीजेचं नावच नाई!"

मामाजी गप्प.

"आंदन वगैरे आमाले काहीच नोको, ते तं पयलेच सांगितलं होतं."

गप्प. दाराआड सोनिका उभी होती. तिला यातलं काही माहीत नव्हतं. बाप बोलत का नाही, म्हणून ती पदराचं टोक चावत होती. मामाजींनी तिच्याकडं पाहिलं. बिचाऱ्यांचे डोळे भरून आले. आयुष्यभर वायफळ बोलले आणि आज पोरीसाठी एक वाक्य बोलायचं तर तोंड बंद!

ते भरलेले डोळे पाहून दुर्गाप्रसादांचा पार बांध फुटला. "बरं बाबा! पोरीचं नर्सिंगबी पूरं करा! आमीच करून देऊ! सोयरीक झाली तं लेकीसारखीच नं ते! आता तरी घ्या म्हना!"

दाराआड बांगड्या वाजल्या. मी चमचा हातात धरून तसाच उभा राहिलो.

आणि तेवढ्यात, "कट्ट!"

दुलारीबाईंना भूक आवरली नव्हती. सगळ्यांची नजर दुर्गाप्रसादांवर असताना त्यांनी हळूच एक चमचा तोंडात घातला होता. आता त्या थबकल्या, तोंडात बोट घातलं आणि एक पांढरी वस्तू बाहेर काढली.

"फापडली!" मामाजी गरजले.

कोणाला काही कळायच्या आत त्यांनी झेप घेतली, दुलारीबाईंच्या हातातून ती वस्तू ओढली, दुपट्ट्याला पुसली आणि तोंडात घातली! जीभ इकडून फिरवली, तिकडून फिरवली. चेहरा पडला.

"हे माही नोय," ते म्हणाले.

"थो माहा दात होय!" दुलारीबाई तोंडावर पदर धरून किंचाळल्या. "बसवलेला! शेंगदान्यानं निघाला!"

मामाजींनी दात तोंडातून काढला, पुसला आणि दोन्ही हातांनी, प्रसाद द्यावा तसा, दुलारीबाईंपुढं धरला. बैठकीतले सगळे त्यांच्या उघड्या तोंडातल्या मोकळ्या जागेकडं पाहत होते.

"व्याही," दुर्गाप्रसाद हळूच म्हणाले, "तुमी याच्यापाई चूप होते का?"

"हो जी. फाफ याच्यापाईच."

"अन् मी येथी डीजे सोडला?"

मग मी सगळं सांगितलं. तार, मशीन, लाइन, टण्ण! टिकेश आधी खाली मान घालून थरथरत होता, मग त्याला हसू आवरेना आणि तो चक्क आडवा झाला. हळूहळू सगळी बैठक हसायला लागली. एकटे दुर्गाप्रसाद सोडून.

"मंग ते नर्सिंगचं," ते मिशी चोळत म्हणाले, "पुन्हा बसून बोलू."

"काही बोलाचं नाई!" दुलारीबाई म्हणाल्या. पदर अजून तोंडावर होता, पण आवाज पदराबाहेर चांगला येत होता. "शब्द दिला तो दिला! पोरगी शिकंन! अन् भाऊजी, जो व्याही माहा दात आपल्या तोंडात घालते, त्याच्यासंगं आता लाजाचं काय राहिलं? द्या सुपारी!"

सुपारी फुटली. मामाजी म्हणाले, "घ्या!" पण आता पोहे खायला कोणी धजेना. सासूबाईंनी शिरा केला.

कवळी संध्याकाळी सापडली. चुलीमागच्या टोपलीत कोंबडी अंड्यांवर बसली होती. ती दाणे टिपायला उठली, तर अंड्यांच्या मधोमध मामाजींचे दात, छान ऊबदार! कोंबडीला ते आपलेच वाटत होते. घ्यायला गेलेल्या रविताच्या हाताला तिनं चोच मारली.

पण खरी कमाल पुढं आहे. मामाजींनी कवळी उकळत्या पाण्यातून काढून लावली आणि ती टोचेना! तार माझ्या हातून नेमकी हवी तेवढी घासली गेली होती. झालं! मामाजी मशिनीच्या प्रेमात पडले. "जवाईबापू, हे येथीच राहू द्या थोडे दिवस," म्हणाले. त्यांनी विळे घासले, कड्या घासल्या, बैलाच्या गळ्यातली घंटी इतकी घासली की ती वाजायची बंद झाली. केशोरीत घासण्याजोगं काही उरलं नाही, तेव्हा ते मशीन पिशवीत घालून गावोगावी बरोबर नेऊ लागले.

साखरपुड्यालाही त्यांनी ती दरेकशाला आणली.

कार्यक्रम थाटात चालला होता. सोनिकानं टिकेशच्या बोटात अंगठी घातली. अंगठी जरा तंग होती. फोटोवाला म्हणाला, "पूरी अंदर डालो दीदी!" सोनिकानं जोर लावला. अंगठी गेली ती गेलीच! फोटो निघाले, जेवणं सुरू झाली, पानांत जिलेबी पडली, आणि टिकेशचं बोट सुजून भरताच्या वांग्यासारखं झालं. कोणी ओढून पाहिलं, कोणी साबण लावला. अंगठी हलेना.

"सरका!" मामाजी पिशवी उघडत म्हणाले. आता त्यांचा 'स' चांगला ठणठणीत होता. "कापाची चकती हाय याच्यात! बोर्ड कोठी हाय? अन् आमचे जवाई कोठी हायत? यातलं सगळं त्यायलेच समजते!"

सगळा मांडव माझ्याकडं वळला. समोर नव्या साडूचं जिवंत बोट, माझ्या डोळ्यांसमोर हवेत उडालेली कवळी!

"हात धुऊन आलो," मी म्हटलं.

हात धुतले नाहीत. मांडवाच्या मागून निघालो तो थेट दरेकशाच्या स्टेशनवर! लहानसं स्टेशन, चारीकडं डोंगर नि जंगल, फलाटावर चिटपाखरू नाही. गोंदियाचं तिकीट काढलं आणि बाकावर बसून गाडीची वाट पाहू लागलो.

थोड्या वेळानं कोणीतरी धापा टाकत येऊन शेजारी बसलं. नवा कोरा सूट, कपाळाला टिळा, आणि हात कोपरापर्यंत साबणाच्या फेसात.

टिकेश!

"भाऊ," तो म्हणाला, "त्यायनं मशीन चालू केली."

"मग?"

"मंग काय! मी म्हटलं, जिजाजीले धुंडून आणतो." त्यानं सुजलेलं बोट काखेत दाबलं आणि मागं वळून पाहिलं. "तिकीट कोठचं काढलं?"

"गोंदियाचं."

"माहंबी काढा."

मी उठलो. दुसरं तिकीट काढून वळतो, तर फलाटावर सोनिका! भरजरी शालू खोचलेला, हातात जवसाच्या तेलाची वाटी नि दोऱ्याचं रीळ. ती टिकेशच्या पुढ्यात बसली, त्याचं बोट वर धरलं, तेल चोळलं, अंगठीखालून दोरा घातला आणि बोटाभोवती गुंडाळत गुंडाळत अंगठी अलगद उतरवली. नर्सिंगचं शिक्षण! टिकेश तिच्याकडं असा पाहत होता की त्याचं लग्न तिथंच लागलं असतं.

अंगठी पदराला बांधून सोनिका माझ्याकडं वळली.

"यांचं तं बोट अटकलं होतं, जिजाजी. तुमी काऊन पळाले?"

दोन तिकिटं हातात धरून मी डोंगराकडं पाहिलं.

"जिलेबी उरली असेल का गं?" मी विचारलं.